एका गणिताची तीन उत्तरं

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"माझी मुलगी सातवीत आहे. परवा तिच्या गृहपाठात २.४ ÷ २/३ असं गणित होतं. माझ्या सासऱ्यांनी 'अपूर्णांक उलटा कर आणि गुण' म्हणून ३.६ काढून दिलं. मला सगळं दशांशात करायची सवय, म्हणून मी २/३ चे ०.६७ केले आणि भागलं, तर ३.५८ आलं. मोठ्या मुलाने फोनवर केलं, त्याला ०.४ मिळालं. मुलगी म्हणते, दादाचंच बरोबर. भागल्यावर संख्या कमी व्हायला हवी, मग तुमच्या दोघांची वाढली कशी? मला काही सांगता येईना. सासऱ्यांना विचारलं, उलटा का करायचा? ते म्हणाले, नियमच आहे तसा. शाळेत आधी दोन्ही संख्या एकाच प्रकारच्या करून घ्यायला सांगितलंय. तिने यातली कोणती पद्धत धरावी? आणि परीक्षेत काय लिहावं? — एक आई"

ताई, नमस्कार.

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे घरातला तंटा मिटेल: बरोबर उत्तर ३.६. आजोबांचं बरोबर, तुमचं जवळपास, मोठ्या चिरंजीवांचं साफ चुकलेलं. पण तुमच्या घरात गणिताला साजेसा प्रश्न फक्त तुमच्या लेकीनेच विचारला. तिघांनी उत्तरं काढली. ते उत्तर किती मोठं असायला हवं याचा विचार तिने एकटीने केला. तिचा निष्कर्ष चुकला, पण सवय अगदी योग्य आहे. ती मोडू देऊ नका. म्हणून पद्धतींचं नंतर बघू, आधी तिच्या प्रश्नाकडे वळू.

"भागलं की कमी होतं" हे तिला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. तिसरी-चौथीपासून तिने जे भागाकार केले, त्यांतल्या बहुतेकांत भाजक २, ५, १२ असे पूर्णांकच होते आणि उत्तर भाज्यापेक्षा लहान आलं. इतक्या वेळा एकच गोष्ट दिसल्यावर कुणीही तिचा नियम करून टाकेल. आता तिच्यापुढे ही माळ ठेवा आणि एकेक उत्तर तिलाच काढू द्या:

२.४ ÷ ४ = ०.६
२.४ ÷ ३ = ०.८
२.४ ÷ २ = १.२
२.४ ÷ १ = २.४

भाजक उतरत गेला तसं उत्तर चढत गेलं, आणि १ ने भागल्यावर ते भाज्याएवढंच झालं. आता इथे थांबा आणि विचारा: भाजक १ च्याही खाली नेला तर? ती बहुतेक क्षणभर गप्प बसेल आणि मग स्वतःच म्हणेल, की आता २.४ च्या वर जाणार. अर्ध्याने भागून पाहा. २.४ मध्ये अर्धे किती? प्रत्येक एकात दोन अर्धे, म्हणजे एकूण ४.८. पावाने भागलं तर ९.६.

२/३ ही संख्या १ आणि १/२ यांच्या मधली. म्हणजे उत्तर २.४ आणि ४.८ यांच्या मध्येच कुठेतरी असणार. अजून आपण काहीच केलेलं नाही, उलटं नाही की सुलटं नाही, आणि तरी दादाचं ०.४ बाद झालं. दशांशचिन्ह विसरून कुणी ३६ लिहिलं असतं तर तेही इथेच बाद झालं असतं. माझं मत विचाराल तर अपूर्णांकाने भागायच्या प्रत्येक गणितात पहिली ओळ ही असावी: उत्तर भाज्यापेक्षा मोठं येणार की लहान, आणि साधारण कशाच्या मध्ये? वहीत नाही लिहिली तरी चालेल, डोक्यात हवी. आणि अपूर्णांक म्हटला की उत्तर वाढणारच, असा दुसरा नियम तिने करून घेऊ नये. ५/४ हा अपूर्णांकच, पण १ हून मोठा, २.५ ला त्याने भागलं तर २ येतात, कमीच.

आता त्या चढलेल्या उत्तराचा अर्थ. २.४ ÷ २/३ म्हणजे २.४ मध्ये २/३ किती वेळा बसतात? मीटरमध्ये बोलू. २.४ मीटर दोरी आहे आणि २/३ मीटरचा एक, असे तुकडे करायचे आहेत. उत्तर येतं ते तुकड्यांचं, मीटरचं नव्हे. तुकडा लहान असला की तुकडे जास्त होतात, यात कुणाला नवल वाटत नाही. दोरी वाढलेली नसते, मोजायचं माप बदललेलं असतं. तोंडी सरावाला तर पाऊण-दीडच घ्या: दीडात पाऊण किती वेळा? दोनदा. साडेचारात पाऊण? सहा वेळा. तिला हे कागदाशिवाय येतं आणि दोन्ही वेळा भागाकार मोठाच आला आहे. १.५ ÷ ३/४ आणि ४.५ ÷ ३/४ असं लिहून दाखवलं की मात्र तीच मुलगी पेन्सिल चावायला लागते!

एक गोष्ट तिच्या वहीत खरोखर काढून बघा. पट्टी घ्या आणि १ म्हणजे ३ सेंटिमीटर असं माप ठरवा. मग २.४ म्हणजे ७.२ सेंटिमीटरची रेघ, आणि २/३ म्हणजे बरोबर २ सेंटिमीटर. ७.२ ची रेघ आखा आणि डावीकडून दर २ सेंटिमीटरवर खूण करा. २, ४, ६ अशा तीन खुणा होतील, म्हणजे तीन पूर्ण तुकडे, आणि शेवटी १.२ सेंटिमीटर उरतील. पूर्ण तुकडा २ चा, आपल्याकडे १.२ आहेत, म्हणजे ०.६ तुकडा. एकूण ३.६.

या चित्रात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे आजोबांच्या नियमाचा अर्धा उलगडा. मी १ म्हणजे ३ सेंटिमीटर का धरलं? कारण छेद ३ आहे. त्या मापाने २.४ चे ७.२ झाले आणि २/३ चे २ झाले. दोन्ही संख्या ३ पट झाल्या आणि अपूर्णांक नाहीसा झाला. उरलं ७.२ ÷ २. भाज्य आणि भाजक दोघांनाही एकाच संख्येने गुणलं तर भागाकार बदलत नाही, हे तुमच्या लेकीला नवीन नाही. २.४ ÷ ०.६ करताना ती दोन्हीकडे दशांशचिन्ह एक घर सरकवून २४ ÷ ६ करतेच. तिथे दोघांना १० ने गुणते, इथे ३ ने गुणायचं. दशांशाने भागणं आणि अपूर्णांकाने भागणं हे दोन वेगळे धडे म्हणून समोर येतात, त्यामुळे मुलांना त्यांचं नातंच लागत नाही. युक्ती दोन्हीकडे तीच आहे: भाजक पूर्णांक होईल अशा संख्येने दोघांना गुणा.

दुसरी गोष्ट आहे ती उरलेल्या तुकड्याची, आणि इथे चांगले चांगले फसतात. शेवटी उरलेले ते १.२ सेंटिमीटर मूळ मापात किती? १.२ ला ३ ने भागा: ०.४. दोरीच्या भाषेत, तीन तुकडे कापल्यावर २ मीटर संपली आणि ०.४ मीटर उरली. दादाच्या फोनवरही नेमकं ०.४ च दिसत होतं! हा निव्वळ योगायोग आहे, त्याच्या चुकीचा आणि या बाकीचा काही संबंध नाही. पण असे योगायोग घातकी असतात. उद्या दादा म्हणेल, "बघा, मी म्हटलं नव्हतं ०.४?" आणि कुणीतरी तडजोड म्हणून तीन तुकडे आणि ०.४, म्हणजे ३.४ असं उत्तर लिहील. ३.४ ही या प्रकारच्या गणितातली नेहमीची चूक आहे. तीन हे तुकडे आहेत आणि ०.४ हे मीटर आहेत. दोन्ही एका संख्येत कोंबता येत नाहीत. ०.४ मीटर म्हणजे किती तुकडा, हे पुन्हा २/३ शी ताडून बघायला लागतं, आणि ते ०.६ येतं. पट्टीवरची तीच एक छोटी रेघ सेंटिमीटरमध्ये १.२, मूळ मापात ०.४ आणि तुकड्यांत ०.६. लेकीला तिन्ही नावं तिच्याखाली लिहायला लावा. प्रश्न तुकडे विचारतो, म्हणून उत्तरात ०.६ जातात. दोरी किती उरली, असं विचारलं असतं तर ०.४ मीटर हेच बरोबर.

आता "नियमच आहे तसा" याकडे येऊ. आजोबांचा राग धरू नका. तो नियम खरोखरच जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, भाजकाचे अंश आणि छेद अदलाबदल करून गुणाकाराची रीत लावायला सांगितलं आहे; आणि त्याआधी ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येही हाच नियम दिला आहे. युरोपात दशांश अपूर्णांकांचा प्रसार सायमन स्टीव्हिन या गणितज्ञाच्या १५८५ च्या छोट्या पुस्तिकेनंतर वाढला. म्हणजे उलटण्याचा नियम दशांशांची वाट बघत बसलेला नव्हता, त्याला दशांशाचं भय असण्याचं कारणच नाही. भाज्य २.४ असो, १२/५ असो की २४००, नियम तोच.

पण जुना आहे म्हणून बरोबर आहे, असं सातवीतल्या मुलीला सांगू नये. बरोबर का आहे ते दोन वाक्यांत सांगता येतं. प्रश्न थोडा फिरवून विचारा: एका रस्त्याचा २/३ भाग चालून झाला, तो २.४ किलोमीटर भरला, तर सगळा रस्ता किती? हाही २.४ ÷ २/३ च आहे. दोन तृतीयांश म्हणजे २.४, तर एक तृतीयांश म्हणजे त्याच्या निम्मे, १.२. पूर्ण रस्त्यात असे तीन तृतीयांश, म्हणून १.२ ची तिप्पट, ३.६. बघा काय केलं आपण: २ ने भागलं आणि ३ ने गुणलं. अंशाने भागायचं, छेदाने गुणायचं. ३/२ ने गुणा म्हणजे दुसरं काय? २/३ चा गुणाकार व्यस्त ३/२ असं पाठ्यपुस्तक म्हणतं ते हेच. मुलांना दोरीपेक्षा रस्त्याचं उदाहरण चटकन पटतं असा माझा अनुभव आहे, कारण त्यात उत्तर का वाढलं हा प्रश्नच उभा राहत नाही. पूर्ण रस्ता त्याच्या भागापेक्षा मोठाच असणार.

आणि म्हणूनच तुमच्या पद्धतीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: दशांश संख्या आहे तशी राहू द्या. तिला छेदाने गुणा, अंशाने भागा, संपलं. दोन्ही संख्या एकाच प्रकारच्या करून घेण्याची गरज बहुतेक वेळा नसते. शाळेतली रीत चुकीची नाही. २.४ म्हणजे २४/१०, म्हणजे १२/५; मग १२/५ × ३/२ = ३६/१० = ३.६. उत्तर तेच, पण वाटेत तीन ठिकाणी घसरायला जागा. २.४ × ३ ÷ २ मध्ये फारशी जागा नाही. आणि सोयीप्रमाणे आधी काय करायचं ते ठरवा: २.४ ला २ ने सरळ भाग जातो, म्हणून १.२ करून मग ३ ने गुणणं सोपं. ०.७ ÷ २/९ असेल तर आधी ९ ने गुणून ६.३ करा, मग निम्मे करा, ३.१५.

आता तुमची पद्धत, ताई. दशांशात करायला हरकत काहीच नव्हती, पण २/३ हा अपूर्णांक त्यासाठी चुकीचा निवडला गेला. ०.६७ हे २/३ पेक्षा थोडे मोठे आहेत. भाजक थोडा फुगला म्हणून उत्तर थोडं घटलं, ३.५८ आलं. तुम्ही ०.६६७ घेतले असते तर ३.५९८ च्या आसपास आलं असतं, ०.६६६७ घेतले तर ३.५९९८. कितीही सहा जोडत गेलात तरी ३.६ ला शिवणार नाही, कारण २/३ दशांशात संपतच नाही. "एवढ्याशा फरकाने काय होतं" असं वाटू शकतं. भाज्य २४०० करून बघा: खरं उत्तर ३६००, आणि ०.६७ ने भागलं तर ३५८२. अठराचा फरक पडला.

कोणते अपूर्णांक दशांशात सुरक्षित नेता येतात हे ओळखणं सोपं आहे. अपूर्णांक आधी अतिसंक्षिप्त रूपात आणा आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यात फक्त २ आणि ५ असतील, जसे ४, ५, ८, १६, २०, २५ या छेदांत असतात, तर दशांश रूप संपतं. ३, ७, ११ असा कोणताही तिसरा मूळ अवयव आला की संपत नाही. अतिसंक्षिप्त रूपाचा आग्रह कशाला? ९/१५ कडे बघून १५ मध्ये ३ आहे म्हणून घाबराल, पण तो ३/५ आहे, म्हणजे ०.६. आणि सुरक्षित असला तरी दशांशात नेणं सोयीचं असेलच असं नाही. ०.९ ÷ ३/८ घ्या. ३/८ म्हणजे ०.३७५, मग ०.९ ÷ ०.३७५, मग दोन्हीकडे तीन घरं सरकवून ९०० ÷ ३७५, आणि मग लांबलचक भागाकार. त्याऐवजी ०.९ × ८ = ७.२, त्याला ३ ने भागा, २.४. मी तर एवढंच म्हणेन की १/२, १/४, ३/४, १/५ असे जिभेवर असलेले अपूर्णांक सोडले तर भाजकाला दशांशात नेण्याच्या फंदात पडूच नये.

एक गंमत इथे जाता जाता. २/३ दशांशात संपत नाही, तरी उत्तर ३.६ असं सुबक संपलं. भागताना छेद वर जातो आणि अंश खाली येतो, म्हणून उत्तर संपेल की नाही याचा निवाडा भाजकाच्या अंशावर असतो, छेदावर नाही. २/३, ५/७, ४/११ यांनी कोणत्याही साध्या, संपणाऱ्या दशांशाला भागा, उत्तर संपणारच. उलट ३/८ हा स्वतः दशांशात नीट संपतो, पण ०.७ ÷ ३/८ करून बघा: ५.६ ÷ ३, म्हणजे १.८६६६… आणि तो सहा काही थांबत नाही. अशा वेळी मात्र शाळेची रीत कामाला येते. ७/१० × ८/३ = ५६/३० = २८/१५. हे पूर्ण आणि नेमकं उत्तर आहे. भाज्यच ०.३३३… असा आवर्ती असेल तेव्हाही आधी त्याचे १/३ करून घ्यावेत; मग १/३ ÷ २/३ = १/२ हे नुसतं बघूनही कळतं.

आता दादा. त्याचा फोन बिघडलेला नाही आणि त्याची बोटंही चुकलेली नाहीत. त्याने २.४ ÷ २ ÷ ३ असं दाबलं. कागदावर २/३ मधली रेघ ती एक संख्या आहे असं सांगते. फोनच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ती आणखी एक भागाकाराची खूण होते. यंत्र डावीकडून सुरुवात करतं: २.४ ला २ ने भागलं, १.२, त्याला ३ ने भागलं, ०.४. जिथे ३ ने गुणायचं होतं तिथे भागलं गेलं, म्हणून खरं उत्तर आणि त्याचं उत्तर यांच्यात ३ × ३ म्हणजे ९ पटींचा फरक पडला. ०.४ × ९ = ३.६. ही चूक दर वेळी छेदाच्या वर्गाएवढ्या पटीने होते, त्यामुळे कुणाचं उत्तर असं चुकलेलं दिसलं की कुठली कळ दाबली असेल ते सांगता येतं. दादाला सांगा, कंस टाक: २.४ ÷ (२ ÷ ३). ज्या कॅल्क्युलेटरवर कंस नाही तिथे २.४ × ३ ÷ २ दाब. आधी २ ÷ ३ करून ते उत्तर लिहून घेऊन मग भागायला जाऊ नये. आठ अंकी साध्या यंत्रावर मग ३.६ च्या जागी ३.६०००००३ असलं काहीतरी दिसू शकतं आणि नवीन वाद सुरू होतो.

अंदाजाने ०.४ बाद झालं, पण ३.५८ आणि ३.४ ही दोन्ही उत्तरं २.४ आणि ४.८ यांच्या मध्येच आहेत, ती अंदाजाने सापडत नाहीत. त्यांच्यासाठी ताळा. उत्तराला भाजकाने गुणा, भाज्य परत मिळायला हवं. ३.६ × २/३: ७.२ ला ३ ने भागलं, २.४, जुळलं. ३.५८ × २/३ करा, २.३८ च्या पुढे काहीतरी येतं. ३.४ चे तर २.२६ च्या पुढे. ताळ्याला अर्धा मिनिट लागतो आणि त्यानंतर घरात मतदान घ्यावं लागत नाही.

आणखी दोन ठिकाणी तिचा पाय अडकू शकतो. भाजक पूर्णांकयुक्त असला, जसं ३.५ ÷ १ ३/४, तर नुसता ३/४ उलटा करून चालत नाही. आधी ७/४ करायचे, मग ३.५ × ४ = १४, १४ ÷ ७ = २. आणि उलटायचा तो भाजकच. भाज्य दशांशाऐवजी अपूर्णांक असला आणि भाजक दशांश असला, म्हणजे २/३ ÷ २.४, तर २/३ ला हात लावायचा नाही. तिथे उत्तर २/७.२, म्हणजे ५/१८. ते ३.६ चा गुणाकार व्यस्त आहे, हे तिच्या लक्षात आलं तर शाबासकी द्या.

सरावाला चार गणितं देते: १.५ ÷ ३/४, ०.६ ÷ ३/७, ४.२ ÷ ७/५ आणि ०.५ ÷ ३/७. प्रत्येकात आधी उत्तर भाज्यापेक्षा मोठं की लहान ते तिने सांगायचं, मगच पेन्सिल उचलायची. तिसऱ्यात ती थांबली तर थांबू द्या. तिथे भाजक १ हून मोठा आहे. उत्तरं २, १.४, ३ आणि ७/६.

राहता राहिली परीक्षा. पहिल्या पायरीत उलटून गुणाकार मांडायचा, २.४ × ३/२, दुसरीत ७.२/२, तिसरीत ३.६. ही मांडणी नेमकी आहे आणि तिच्यात न समजण्यासारखं काही नाही. प्रश्नपत्रिकेतच दोन्हीचे अपूर्णांक करून सोडवा असं म्हटलं असेल तर १२/५ वाली रीत मुकाट्याने लिहायची, तिथे वाद घालून उपयोग नाही. शेवटच्या सरावाच्या गणितासारखं न संपणारं उत्तर आलं आणि दोन दशांश स्थळांपर्यंत मागितलं असेल, तर आधी ७/६ पूर्ण काढायचे आणि अगदी शेवटच्या ओळीत १.१७ करायचे; तसं काही मागितलं नसेल तर ७/६ हेच उत्तर लिहायचं, त्याला दशांशात ओढायचं नाही.